पृथ्वीएवढा नकाशा आणि त्यातली माणसं

नमस्कार मंडळी.

आजचा विषय आहे एक येऊ घातलेला गेम. बाजारात तुरी असताना त्यावर तासभर कसलं बोलायचं, असं कुणाला वाटलं तर ते रास्तच आहे. पण ओपन वर्ल्ड, म्हणजे मोकळ्या नकाशावर हवं तिथे हिंडता येणाऱ्या, फँटसी गेमचं प्रकरणच असं असतं की तो हातात येण्याआधी काही वर्षं लोकांच्या डोक्यात चालू झालेला असतो. 'एल्डर स्क्रोल्स' या गेममालिकेच्या सहाव्या भागाची झलक बेथेस्डा या कंपनीने जून २०१८ मध्ये दाखवली. डोंगर, ढग, संगीत आणि शेवटी नाव, बस्स. तेवढ्यावर लोकांनी डोंगराच्या आकारावरून प्रांत ओळखायचा खटाटोप केला. त्यात मजा आहे, नाही असं नाही. आज मात्र आपण ट्रेलर थोडा बाजूला ठेवू आणि गेमने दिलेलं वचन गणिताला लावून पाहू.

गेमचं नाव 'लाइट नो फायर'. डिसेंबर २०२३ मध्ये 'द गेम अवॉर्ड्स'च्या सोहळ्यात तो जाहीर झाला. बनवणारी कंपनी हॅलो गेम्स, इंग्लंडमधल्या गिल्डफर्डची. 'नो मॅन्स स्काय' हा ग्रहाग्रहांवर हिंडायचा अवकाशातला गेम त्यांचाच. ट्रेलरमध्ये प्राण्यांच्या चेहऱ्यांचे प्रवासी दिसतात, समुद्र दिसतो, बांधलेली घरं दिसतात, पाठीवर स्वार घेऊन उडणारे ड्रॅगन दिसतात. मंचावर उभं राहून कंपनीचे संस्थापक शॉन मरे यांनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: एकच ग्रह, खऱ्या पृथ्वीएवढा, सगळे खेळाडू त्याच एका ग्रहावर, आणि एव्हरेस्टपेक्षा उंच डोंगर, ज्यांवर खरोखर चढता येईल.

ड्रॅगन आपण खूप पाहिले. मला पकडून ठेवलं ते 'पृथ्वीएवढा' या दाव्याने.

पृथ्वीचं क्षेत्रफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर. विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर. ताशी पाच किलोमीटरने चालणारा माणूस, समुद्र पायाखालून गेला असं धरून, न झोपता न थांबता निघाला तर त्याला फेरी पुरी करायला आठ हजार तास लागतील. म्हणजे अकरा महिने. आता या ग्रहाच्या दर चौरस मीटरला जमिनीची फक्त उंची लिहून ठेवायची म्हटलं, एका उंचीला दोन बाइट, तर हजार टेराबाइट लागतात. झाड नाही, दगड नाही, रंग नाही, नुसती उंची. हे कुणाच्या हार्ड डिस्कवर मावणार?

एक रस्ता मायक्रोसॉफ्टने घेतला. त्यांच्या २०२० च्या 'फ्लाइट सिम्युलेटर'मध्ये खरी पृथ्वी आहे. बिंग मॅप्सचा दोन पेटाबाइट, म्हणजे दोन हजार टेराबाइट डेटा त्यांच्या सर्व्हरवर असतो आणि विमान जिथे जाईल तिथला तुकडा इंटरनेटवरून येत राहतो. पण ती पृथ्वी मुळात अस्तित्वात होती म्हणून तिचे फोटो काढता आले. काल्पनिक ग्रहाचे फोटो काढायला उपग्रह कुठून पाठवणार?

दुसरा रस्ता जुना आहे आणि माझ्या मते जास्त सुंदर आहे. जग साठवायचंच नाही, हिशेबाने काढायचं. १९८४ साली डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोघांनी बीबीसी मायक्रो नावाच्या संगणकासाठी 'एलीट' हा अवकाशातल्या व्यापाराचा गेम लिहिला. त्या यंत्राची सगळी मेमरी ३२ किलोबाइट. तेवढ्यात त्यांनी आठ आकाशगंगा आणि प्रत्येकीत २५६ ग्रह बसवले. बसवले म्हणजे कुठेही लिहून ठेवले नाहीत. एका सुरुवातीच्या संख्येवर ठरावीक गणित करत गेलं की ग्रहाचं नाव, जागा, तिथला व्यापार हे सगळं ओळीने बाहेर पडायचं, आणि दर वेळी तेच बाहेर पडायचं. या सुरुवातीच्या संख्येला आज आपण सीड म्हणतो. यातला गमतीचा भाग असा की एका आकाशगंगेत या गणिताने एका ग्रहाला इंग्रजीतला असभ्य शब्द नाव म्हणून देऊन टाकला, तेव्हा ती अख्खी आकाशगंगा रद्द करावी लागली. एक ग्रह बदलायची सोयच नव्हती. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: त्यांना आठच्या जागी अब्जावधी आकाशगंगा देता आल्या असत्या. प्रकाशकानेच हात आखडता घ्यायला लावला, कारण एवढा मोठा आकडा पाहिला की हे सगळं यंत्राने पाडलेलं आहे हे लोकांच्या लगेच लक्षात येईल. १९८४ साली एका प्रकाशकाला हे कळलं होतं. हे लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

जमिनीसाठी हेच काम करणारं गणित केन पर्लिन यांनी ऐंशीच्या दशकात मांडलं. 'ट्रॉन' या चित्रपटाच्या कामात त्यांना संगणकाची चित्रं फार गुळगुळीत, निर्जीव वाटत होती. मग त्यांनी असा यादृच्छिकपणा शोधला जो एकदम उड्या मारत नाही, हळूहळू चढतो आणि उतरतो. १९८५ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला आणि १९९७ मध्ये त्यासाठी त्यांना ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. आज ज्याला पर्लिन नॉइज म्हणतात तो हा. एक मोठी संथ लाट घ्या, तिने डोंगररांगा होतात. तिच्यावर लहान लाटा चढवा, टेकड्या होतात. आणखी लहान चढवा, खडबडीतपणा येतो. या गणिताला जागा सांगितली की ते उंची सांगतं, आणि सांगून विसरून जातं. तुम्ही पाठ फिरवलीत की तो डोंगर मेमरीतून पुसला जातो. परत आलात की तोच डोंगर, त्याच खाचखळग्यांसह, पुन्हा काढला जातो. शिवाय तुमच्या आणि माझ्या यंत्रात सीड एकच असेल तर सर्व्हरला जमीन पाठवावीच लागत नाही. दोघांची यंत्रं आपापल्या घरी एकच डोंगर काढतात. 'नो मॅन्स स्काय'मधले १८ वर १८ शून्यं इतके ग्रह असेच आले. सेकंदाला एक ग्रह पाहिला तरी ५८ हजार कोटी वर्षं लागतील. आणि हे बनवणारी मंडळी सुरुवातीला मूठभर होती.

तर पृथ्वीएवढा ग्रह बनवणं आज अशक्य नाही. ठोकळे रचून बांधायच्या 'माइनक्राफ्ट' या गेमचं जग सहा कोटी ठोकळे रुंद आणि तितकंच लांब आहे. एक ठोकळा एक मीटरचा धरला तर क्षेत्रफळ पृथ्वीच्या सातपट भरतं. त्याबद्दल कुणी नगारे वाजवले नाहीत.

पण 'बनवता येतो' आणि 'चांगला बनतो' यांच्यामध्ये काही खड्डे आहेत. त्यातले दोन-तीन सांगतो, कारण ट्रेलर पाहताना ते दिसत नाहीत.

पहिला खड्डा नदीचा. पर्लिनचं गणित त्या-त्या जागेपुरतं पाहतं. या बिंदूची उंची किती, एवढं त्याला कळतं. शेजारच्या खोऱ्यात काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्याच्या या आंधळेपणामुळेच ते वेगवान आहे. नदीला हे चालत नाही. तुमच्या पायाशी पाणी किती असावं हे तीनशे किलोमीटर वरच्या डोंगरात पाऊस किती पडतो यावर ठरतं. नदी म्हणजे वरपासून खालपर्यंतचा हिशेब. तो तुकड्यातुकड्याने करता येत नाही. आणि खरे डोंगर तर पाण्यानेच कोरलेले असतात. म्हणून निव्वळ नॉइजमधून निघालेली जमीन पाहिली की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. उंचसखल सगळं आहे, पण पाणी कुठून कुठे गेलं हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. 'ड्वार्फ फोर्ट्रेस' करणाऱ्या टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांनी उलटा मार्ग धरला. त्यांचा गेम खेळ सुरू होण्याआधीच अख्ख्या जगावर पाऊस पाडतो, झीज घडवतो, नद्या वाहवतो, आणि मग त्यावर शतकानुशतकांचा इतिहास घडवतो: राज्यं, लढाया, पडलेले किल्ले. पण ते जग आटोपशीर असतं आणि तरीही त्याला वेळ लागतो. पृथ्वीएवढ्या ग्रहावर पूर्ण झीज घडवायची तर ती आधी करून साठवावी लागेल, आणि साठवायला लागलो की पुन्हा टेराबाइटांच्या दारात. मधला मार्ग असा असू शकतो की ढोबळ नकाशा, म्हणजे खंड, पर्वतरांगा, मुख्य नद्या, आधी ठरवून ठेवायच्या आणि बारकावे जागेवर काढायचे. हॅलो गेम्सने काय केलं आहे ते गेम आल्यावर कळेल. तुम्हाला तो हातात मिळाला तर पहिल्यांदा एखादी नदी धरा आणि उगमाकडे चालत जा. ती जर मध्येच एखाद्या तळ्यात विरून गेली, तर समजा.

दुसरा खड्डा निव्वळ संख्यांचा आहे आणि मला तो फार आवडतो. गेममध्ये जागा सांगायला बहुतेक वेळा ३२ बिटांची दशांश संख्या वापरतात. तिच्यात साधारण सात अंक भरवशाचे. पृथ्वीची त्रिज्या ६३ लाख ७१ हजार मीटर. ग्रहाच्या मध्याला शून्य धरलं, तर जमिनीवर उभ्या असलेल्या पात्राची जागा अर्ध्या मीटरच्या टप्प्यांनीच सांगता येते. म्हणजे तुम्ही चालणार नाही, अर्धा-अर्धा मीटर टणाटण उडणार. हातातली तलवार थरथरत राहणार. 'माइनक्राफ्ट'च्या जुन्या आवृत्त्यांत सुमारे सव्वा कोटी ठोकळे दूर गेलं की जमिनीचं गणितच कोलमडायचं आणि समोर छिद्राछिद्रांची प्रचंड भिंत उभी राहायची. त्या भागाला नाव पडलं, खेळाडूंनी तिथवर चालत जाण्याच्या मोहिमा काढल्या. २०११ मध्ये ती चूक दुरुस्त झाली तेव्हा कित्येकांना वाईट वाटलं! यावरचा उपाय ठरलेला आहे: खेळाडूला शून्यावर ठेवायचं आणि जग त्याच्याभोवती सरकवायचं, किंवा ६४ बिटांच्या संख्या वापरायच्या. काम किचकट आहे, पण सुटणारं आहे.

तिसरा खड्डा क्षितिजाचा. इथे थोडं थांबू, कारण तंत्राचा प्रश्न इथून खेळाचा प्रश्न होतो.

पृथ्वीएवढ्या गोलावर सपाटीवर उभं राहिलं तर क्षितिज पावणेपाच किलोमीटरवर असतं. एव्हरेस्टच्या उंचीवरून ते ३३६ किलोमीटरवर जातं. म्हणजे शिखरावर पोचलेल्या खेळाडूला स्वच्छ हवेत साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमीन एका नजरेत दाखवावी लागते. दूरचं ढोबळ आणि जवळचं बारीक, असं करून ते साधता येतं; थोडं धुकं घातलं की आणखी सोपं. दाखवण्याचं सोडा. या गेमप्रकाराचं आवडतं वचन काय असतं? 'तो डोंगर दिसतो ना, तिथे जाता येतं.' आता त्या शिखरावरून क्षितिजावर दिसणाऱ्या डोंगराकडे निघा. ३३६ किलोमीटर, चालत ६७ तास. कित्येक मोठे गेम अख्खे संपतात तेवढ्या वेळात. खऱ्या मापाच्या पृथ्वीवर 'दिसतं तिथे जाता येतं' हे वचन तांत्रिकदृष्ट्या खरं राहतं आणि माणसाच्या दृष्टीने खोटं पडतं.

म्हणून ड्रॅगन. ते ट्रेलरमध्ये शोभेला नाहीत, मापाच्या गरजेपोटी आले आहेत. ताशी दोनशे किलोमीटरने उडणारा ड्रॅगन पृथ्वीची फेरी दोनशे तासांत मारेल. पण उडायला लागलं की खालची जमीन पडद्यासारखी सरकते; दरी ओलांडायची नसते, नदीला उतार शोधायचा नसतो, रात्र कुठे काढायची हा प्रश्न पडत नाही. माझं मत विचाराल तर ड्रॅगन उशिरा मिळावा आणि तो पाळणं महाग पडावं. ट्रेलरवर खूश झालेले लोक यावर मला शिव्या देतील, देऊ देत.

मोठेपणाची हौस या गेमप्रकाराने पूर्वीही करून पाहिली आहे. 'एल्डर स्क्रोल्स'चाच १९९६ मधला दुसरा भाग 'डॅगरफॉल' घ्या. त्याचा नकाशा ग्रेट ब्रिटनएवढा असल्याचं बेथेस्डाने सांगितलं होतं. गावं, शहरं, भुयारं मिळून हजारो ठिकाणं. एका गावातून दुसऱ्या गावाला कुणी चालत जात नसे. नकाशावर बोट ठेवायचं आणि पोचायचं. मधली जमीन होती, पण तिथे कुणाला काही काम नव्हतं. सहा वर्षांनी त्याच कंपनीने 'मॉरोविंड' आणला. त्यातलं बेट त्या मानाने नखाएवढं, पण जवळजवळ सगळं हाताने रचलेलं. नजर जरा दूर गेली की धुकं. तुमच्या कामाची जागा दाखवणारा बाण नाही. कुणीतरी सांगायचं की पुलापलीकडे डावीकडे वळ, दोन टेकड्यांमधून जा, आणि कधीकधी सांगणाऱ्याचीच दिशा चुकायची. 'डॅगरफॉल'मधला एखादा रस्ता वर्णन करून सांगणारा खेळाडू मला अजून भेटायचा आहे. 'मॉरोविंड'मधला पहिल्या गावापासूनचा रस्ता लोक आजही वळणावळणाने सांगतात.

निन्टेन्डोने २०१७ मध्ये 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आणला तेव्हा याचं शास्त्रच मांडलं. जपानमधल्या एका परिषदेत त्यांच्या रचनाकारांनी सांगितलं की ते जमिनीकडे त्रिकोणांच्या भाषेत पाहतात. डोंगर, टेकडी, मोठा दगड, सगळे त्रिकोण. त्रिकोण दोन कामं करतो. चढायचं की वळसा घालायचा हा निर्णय तुमच्यावर सोडतो, आणि मागे काहीतरी लपवून ठेवतो. वळसा घालताना मागचं हळूहळू उलगडतं, आणि मूळचं काम विसरून तुम्ही तिकडे वळता. अंतरांचा अंदाज यावा म्हणून दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी आपल्या ओळखीच्या क्योटो शहराचा नकाशा गेमच्या नकाशावर टाकून पाहिला होता. इथून तिथे चालत जायला किती वेळ लागतो हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं. याउलट बऱ्याच गेममध्ये काय होतं? एखाद्या मनोऱ्यावर चढायचं, नकाशावर चाळीस चिन्हं उगवतात, आणि पुढचे दोन तास तुम्ही डोंगरदऱ्यांतून चालत नसता, यादी पुरी करत असता. ओपन वर्ल्डला कंटाळलेले लोक खरं तर या यादीला कंटाळलेले असतात.

आता गणिताने काढलेल्या जगात असा त्रिकोण मुद्दाम कोण ठेवणार? तिथे टेकडीमागे काय आहे हे टेकडीलाच माहीत नसतं. केट कॉम्प्टन या अशा गणिती निर्मितीवर काम करणाऱ्या संशोधक-रचनाकार. त्यांचं एक उदाहरण या क्षेत्रात फार प्रसिद्ध आहे: ओटमीलच्या, म्हणजे ओट्सच्या लापशीच्या, दहा हजार वाट्या भरा. प्रत्येक वाटीतला प्रत्येक दाणा वेगळ्या जागी असेल, म्हणजे गणिताच्या हिशेबाने दहा हजार वाट्या अनन्य. खाणाऱ्याला मात्र सगळ्या सारख्याच. 'एलीट'च्या प्रकाशकाला हीच भीती होती. आणि फँटसीत ती दुप्पट होते, कारण फँटसीच्या जगात आपण अर्थ शोधत असतो. रानात पडका बुरूज दिसला की मनात येतं, कुणी बांधला, का सोडला. 'विचर ३' मध्ये एखाद्या ओसाड घरामागे लेखकाने लिहिलेली माणसं असतात, त्यांची भांडणं असतात. गणिताने उभ्या केलेल्या बुरुजात कधी कुणी राहिलेलंच नसतं. शंभरावा बुरूज दिसेपर्यंत हे कळून चुकतं आणि मग माणूस आत डोकावायचंही सोडतो.

तर मग पृथ्वीएवढं जग करून उपयोग काय? मला वाटतं एकच गोष्ट त्याला वाचवू शकते, आणि ती म्हणजे त्यात खरोखर राहून गेलेली माणसं. म्हणजे आपण, खेळाडू. 'सगळे एकाच ग्रहावर' हे वचन मला 'पृथ्वीएवढा' या वचनापेक्षा मोठं वाटतं ते यासाठी. पण हाही हिशेब करून पाहू. समजा एकाच वेळी दहा लाख लोक खेळत आहेत. कुठल्याही गेमला हेवा वाटावा असा आकडा. खऱ्या पृथ्वीइतकीच जमीन धरली, सुमारे १४ कोटी ९० लाख चौरस किलोमीटर, तर माणशी १४९ चौरस किलोमीटर येते. शेजारी दहा-बारा किलोमीटरवर. दोन-तीन तास चालल्याशिवाय दुसरं माणूस दिसणार नाही, आणि तेही तो जागचा हलला नाही तर. म्हणजे सगळे एका ग्रहावर असूनही प्रत्येकजण एकटा.

अर्थात माणसं अशी सारखी पसरत नाहीत, आणि मला खरी उत्सुकता आहे ती याचीच. 'नो मॅन्स स्काय'च्या अफाट विश्वात काही खेळाडूंनी आपण होऊन ठरवलं की अमुक एका तारापुंजात जमायचं. त्याला 'गॅलॅक्टिक हब' म्हणतात. गेमने त्यांना हे करायला सांगितलं नव्हतं. तिथे पोचण्याचे पत्ते ते एकमेकांना देत राहिले आणि नावं ठेवण्याच्या पद्धती ठरवत गेले. तो भाग इतर भागांहून निसर्गाने वेगळा नाही. लोक तिथे गेले म्हणून तो वेगळा झाला. 'माइनक्राफ्ट'चा 'टूबीटूटी' हा सर्व्हर डिसेंबर २०१० पासून चालू आहे आणि त्यातलं जग कधीच पुसून नव्याने सुरू केलेलं नाही. तिथे नियम नाहीत. नवा खेळाडू जिथे येऊन पडतो तो मधला भाग वर्षानुवर्षांच्या तोडफोडीने उजाड झालेला आहे. खायला काही मिळत नाही, बाहेर पडणं हेच पहिलं साहस. आणि बाहेर पडताना वाटेत पडके महाल लागतात, अर्धवट रस्ते लागतात, गट फुटून गेल्यावर मागे राहिलेल्या वस्त्या लागतात. तिथल्या प्रत्येक अवशेषाला खरा इतिहास आहे. कुणीतरी खरंच बांधलं होतं, कुणीतरी खरंच उद्ध्वस्त केलं. फँटसीचे लेखक ज्या परिणामासाठी पानंच्या पानं खर्च करतात तो इथे निव्वळ काळ आणि माणसं यांनी दिला. तिथलं वागणं सभ्य म्हणता येणार नाही, ही गोष्ट वेगळी.

२०१९ च्या 'डेथ स्ट्रँडिंग'ने यातला सौम्य मार्ग दाखवला. तो फँटसी नाही, विज्ञानकथेच्या अंगाचा आहे, पण मुद्दा तोच. त्यात दुसरे खेळाडू तुम्हाला कधीच भेटत नाहीत. त्यांनी टाकलेली शिडी भेटते, बांधलेला पूल भेटतो. सगळ्यांचं सगळं दाखवलं तर नुसती अडगळ होईल, म्हणून गेम त्यातलं निवडक तुमच्या जगात आणतो. आणि पुष्कळजण एकाच वाटेने गेले की तिथली जमीन खरोखर मळते, पायवाट उमटते. पावसात ओझं घेऊन चढताना अनोळखी माणसाने रोवलेला दोर हाताला लागला की काय वाटतं हे खेळलेल्यांना विचारा.

'लाइट नो फायर'मध्ये घरं बांधता येतील असं सांगितलं आहे. तेव्हा माझे प्रश्न असे आहेत. नवा खेळाडू कुठे जन्मणार? सगळे एका जागी, तर पहिल्याच आठवड्यात तिथे टूबीटूटीचा मधला भाग होईल. सगळे विखरून, तर माणशी दीडशे चौरस किलोमीटरचा वनवास. माझं घर तुम्ही पाडू शकाल का? पाडता येत नसेल, तर खेळ सोडून गेलेल्यांची घरं दहा वर्षं तशीच उभी राहणार का, आणि कुणाला ती जागा हवी असेल तर? पडझड होणार का? मला व्हावी असं वाटतं. गवत वाढावं, छप्पर खचावं, आणि चौथ्या वर्षी आलेल्या एखाद्या नव्या खेळाडूला रानात एक पडकी भिंत दिसावी, जिच्यामागे खरंच कुणीतरी राहून गेलं होतं. जमीन गणिताने फुकट मिळते; पण माणसाने केलेला बदल गणितातून निघत नाही, तो कुठेतरी लिहूनच ठेवावा लागतो. कंपनी काय लिहून ठेवायचं ठरवते आणि काय पुसायचं ठरवते, यावर त्या ग्रहाला इतिहास असेल की नाही हे ठरणार आहे.

विश्वास किती ठेवायचा, हे थोडक्यात सांगतो. 'नो मॅन्स स्काय' २०१३ च्या अखेरीस जाहीर झाला, ऑगस्ट २०१६ मध्ये आला, आणि सांगितलेलं बरंचसं त्यात नव्हतं. अगदी सुरुवातीला दोन खेळाडू एकाच ग्रहावर, एकाच ठिकाणी पोचले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. लोक संतापले, ब्रिटनच्या जाहिरात नियंत्रकांकडे तक्रारी गेल्या. चौकशीअंती जाहिरात दिशाभूल करणारी नाही असा निर्वाळा मिळाला, पण नाव जायचं ते गेलं. त्यानंतर कंपनीने बोलणं जवळजवळ बंद केलं आणि काम सुरू ठेवलं. जुलै २०१८ च्या 'नेक्स्ट' या अपडेटने खेळाडू एकमेकांना दिसू लागले. त्यापुढचेही सगळे मोठे अपडेट फुकट. २०२४ आणि २०२५ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड्स' या दोन अपडेटमधलं पाणी, हवामान आणि जमीन यांच्यामागचं काही तंत्र नव्या गेमच्या कामातूनच आलेलं आहे. म्हणजे नव्या ग्रहाचा नमुना पाहायचा असेल तर तो जुन्या गेममध्ये काही प्रमाणात पाहता येतो. काहीजण म्हणतात, एकदा फसवलं ते पुन्हा फसवतील. काहीजण म्हणतात, इतकी वर्षं फुकट राबले, आता शंका नको. मला दोन्ही टोकं पटत नाहीत. त्या माणसांना जमीन बनवता येते हे त्यांनी सिद्ध केलं आहे. लोकांना एकत्र ठेवणारं जग ते पहिल्या दिवसापासून देऊ शकतात का, हे अजून सिद्ध व्हायचं आहे, आणि या वेळचं वचन नेमकं तेच आहे.

म्हणून आगाऊ नोंदणी करावी का, असा प्रश्न आता तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच, त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. करू नका. हा असा गेम आहे ज्याची पहिल्या आठवड्यातली समीक्षा जवळपास निरुपयोगी असेल. त्या आठवड्यात सगळे नवे, सगळं कोरं, डोंगर सुंदर, ड्रॅगन देखणे. सहा महिन्यांनी चौकशी करा. लोक तिथल्या जागांना नावाने ओळखतात का, 'अमक्या घाटापाशी भेटू' असं म्हणतात का, एखादी वाट मळली आहे का, हे विचारा. तसं असेल तर घ्या, आणि उशिरा गेल्याचं वाईट वाटून घेऊ नका. अशा जगात उशिरा येणाऱ्यालाच पाहण्यासारखं जास्त असतं.

आता तुमचे प्रश्न. मागच्या रांगेतून सुरुवात करू या.